हस्तऱ्याचे हवाई दलप्रमुख



आपण शाळेत होतो तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. १९९९ साली आपला वेगळा जिल्हा झाला. तरी 'आपल्या भागातलं कोण एवढं मोठं होणार?' हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येतं. म्हणून आज एका माणसाच्या नोकरीचा हिशोब मांडते.

कळमनुरीच्या पलीकडे नांदेड जिल्ह्यातला हदगाव तालुका आहे. त्यातलं हस्तरा हे एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचं मूळ गाव. एनडीएतून शिकून २९ डिसेंबर १९८२ रोजी ते लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झाले. मिग-२१, मिग-२९, सुखोई-३० अशी विमानं त्यांनी चालवली. सियाचीनच्या 'ऑपरेशन मेघदूत'मध्ये आणि १९९९ च्या कारगिल युद्धात 'ऑपरेशन सफेद सागर'मध्ये त्यांनी काम केलं. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि तीन वर्षांनी निवृत्त झाले.

मी इंजिनिअर, त्यामुळे आकड्यांकडे आधी लक्ष जातं. प्रमुख झाले तेव्हा त्यांचे उड्डाणाचे तास ३८०० हून थोडे अधिक होते. नोकरी जवळजवळ ३९ वर्षांची. म्हणजे वर्षाला शंभराच्या आसपास तास, आठवड्याला दोन तासही नाहीत! आम्ही संगणकापुढे बसणारे एवढे तास दोन वर्षांत भरतो.

मग बाकीचा वेळ कुठे गेला? उड्डाणाआधीच्या तयारीत, उतरल्यावर प्रत्येक चूक तपासण्यात, आणि शिकवण्यात. ते 'अ' श्रेणीचे उड्डाण प्रशिक्षक होते. पुढे स्क्वाड्रन सांभाळली, मुख्यालयातली कामं केली, २०२० मध्ये पश्चिम हवाई कमानचे प्रमुख झाले, मग उपप्रमुख. लोकांना आकाशातले दोन तास दिसतात, पण माणूस घडतो तो जमिनीवर. परीक्षेच्या तीन तासांमागं वर्षभराचा अभ्यास असतो, तसंच हे.

मुलींनो, आता तुमच्यासाठी. आमच्या वेळी एनडीएचं दार मुलींना बंद होतं. २०१६ मध्ये तीन महिला लढाऊ वैमानिक झाल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा देता आली, आणि चौधरी साहेब प्रमुख असताना, २०२२ मध्ये, १९ मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली. मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या.

हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, दहावीनंतर तिथे प्रवेश मिळतो. मुलींसाठी आता नाशिकलाही तशी संस्था आहे. ही माहिती दहावीच्या आधी कानावर पडली तरच तिचा उपयोग.

म्हणून माझ्या बॅचला एकच विनंती. आपल्यात इंजिनिअर आहेत, शिक्षक आहेत, बँकेतले आहेत. हारतुरे, जेवणावळी झाल्याच. आता नववी-दहावीच्या मुलांना महिन्यातून एक रविवार गणित शिकवूया. पुण्यात राहणाऱ्यांनी ऑनलाइन शिकवावं. पहिला रविवार माझा.