वायदेबाजार आणि शेतकऱ्याचा भाव



कोलशेतात उभे राहून धान्याच्या भावाविषयी बोलावे, हे भोवतालच्या इमारती पाहून कोणास विसंगत वाटेल. पण या खाडीकाठी भातखाचरे होती, आणि पीक हाती येते तेव्हाच भाव नेमका का पडतो, हे कोडे त्या खाचरांनाही चुकले नसणार.

वायदा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सट्टा उभा राहतो. मुंबईत १८७५ साली कापसाचा वायदा संघटितपणे सुरू झाला. अपकीर्तीही मागोमाग आली, आणि ती सर्वस्वी अकारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. तरी करार मूळचा साधा आहे. भाव आज ठरवावयाचा, माल पुढे ठरलेल्या महिन्यात द्यावयाचा.

लातूरकडचे सोयाबीन घेऊ. समजा, जूनमध्ये ऑक्टोबरचा वायदा क्विंटलला ६,००० रुपये आहे. एकट्या शेतकऱ्याचे पीक सौद्याच्या मापाला पुरत नाही, म्हणून गावच्या शेतकरी उत्पादक कंपनीने त्या भावाने विक्री केली. ऑक्टोबरात वायदा ५,२०० वर उतरला आणि लातूरच्या आडतीत ५,००० मिळाले. वायद्यात ८०० सुटले. हाती ५,८०० आले. आता उलट होऊ द्या. वायदा ७,००० वर गेला आणि आडतीत ६,८०० मिळाले, तर वायद्यात १,००० गेले. हाती पुन्हा ५,८००च! शेजाऱ्याला मात्र पुरते ६,८००. हे ज्याला सोसणार नाही, त्याने या वाटेस जाऊ नये.

दोन्ही वेळी लातूरचा भाव वायद्याहून २०० नी कमी होता. खरा अभ्यास करावयाचा तो या अंतराचा. मागील काही वर्षांच्या ऑक्टोबरांत ते किती होते, हे वहीत टिपून ठेवावे. ते ४०० झाले तर हाती ५,६००च येतील. शिवाय भाव चढू लागला की रोज अनामत भरावी लागते, आणि तीही पीक घरात येण्यापूर्वी. म्हणून सगळ्या पिकाचा वायदा कधीही करू नये; पावसाने दगा दिला तर विकलेला माल आणावयाचा कोठून?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत सोयाबीन १०,००० च्या वर गेले होते. सरकारने १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीला वाट दिली, नवे पीक आले, आणि भाव निम्म्याच्या आसपास उतरला. त्याच डिसेंबरात सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू, मूग, बासमतीखेरीज इतर भात, मोहरी आणि कच्चे पामतेल यांचे वायदे एका वर्षासाठी थांबवले; मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढली. महागाईला वायदा जबाबदार, असा संशय होता. २००७ मध्येही गहू, तांदूळ, तूर, उडीद यांचे वायदे बंद झाले होते. त्यानंतर नेमलेल्या अभिजित सेन समितीला या आरोपाचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. आमच्या मते २०२१ च्या बंदीने सटोडियापेक्षा पेरणी करणाऱ्याचे अधिक नुकसान केले. पुढच्या भावाचा जो अंदाज त्याला फुकट वाचता येत होता, तो गेला. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आणि अनेक बाजारांत सौदे त्याच्या खाली होत होते.

मग उरते तारण. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासूनची आहे. माल गोदामात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. सुगीतली घाईची विक्री तिने टळते. पण सहा महिन्यांनी भाव आणखी खाली असेल, तर तोटाही शेतकऱ्याचा आणि व्याजही त्याचेच.