‘वर बघ’ म्हणून भागत नाही

दुपारची भांडी झाली असतील, जरा पाठ टेकली असेल, तर पडल्या पडल्या ऐका.

मागच्या वेळी आपण कर्जफेडीच्या हिशेबावर बोललो. आज हिशेबाची वही बाजूला ठेवू. आज आमच्या घरातल्या छकुलीबद्दल बोलायचं आहे. ती आमच्या धाकट्या जावेची लेक. तसं आमच्याकडं पोर कुणाचं हे रात्री झोपतानाच कळतं, दिवसभर ते सगळ्यांचं असतं.

छकुली तेव्हा अकरा महिन्यांची होती. या वयाचं पोर ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको. धरून उभं राहतं, हात सोडला की बुडावर आपटतं, आणि आपण ‘अगं अगं’ करायच्या आत पुन्हा उभं. सकाळी मामंजी अंगणात बाजेवर चहाला बसले की ही बाजेचा पाय धरून उभी. मामंजी आपल्या स्वतःच्या मुलांशी कधी धड चार शब्द बोलले नाहीत. ते हिच्यापुढं गाल फुगवून बैलासारखं हंबरतात. आम्ही भाकरी थापायला बसलो की ही परातीच्या काठावर थापा मारते, आणि पिठाचा हात आधी स्वतःच्या केसांना, मग आमच्या पदराला. शब्द म्हणाल तर एकच येत होता, ‘बाबा’. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आमचे भाऊजी, तिचे वडील, घरभर सांगत फिरले. दोन दिवसांनी कळलं की ती शेळीलाही ‘बाबा’च म्हणते. भाऊजी जरा रुसलेच.

आणि हाताला लागेल ते तोंडात. माती, चपलेचा पट्टा, कोंबडीचं पीस. आत्याबाई म्हणायच्या, “माझ्या चारही पोरांनी माती खाल्ली, कुठं काय झालं?” आम्हीही हसत होतो.

त्या दिवशी धाकटी गटाचं पासबुक भरून आणायला तालुक्याच्या बँकेत गेली. एसटीत बसताना म्हणाली, “पोरीवर लक्ष ठेवा बरं.” घरात आम्ही मोठी चार माणसं. एका पोरासाठी चार जण म्हणजे काळजी नको, असं तिलाही वाटलं आणि आम्हालाही. पण चार जण असले की होतं काय, प्रत्येकाला वाटतं दुसरं कुणीतरी बघतंय.

उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्यासाठी शेंगा फोडायला बसलो होतो. ओसरीवर टरफलांचा ढीग, सुपात दाणे, गप्पा रंगलेल्या. छकुली आत्याबाईंच्या मांडीवरून कधी उतरली, सुपापर्यंत कधी गेली, आमच्यापैकी एकीलाही सांगता यायचं नाही.

आधी ठसका लागला. आपल्याकडं ठसका लागला की काय करतात? “वर बघ, चिमणी बघ!” तेच केलं. आत्याबाईंनी टाळूवर फुंकर घातली. एकीनं पाण्याची वाटी ओठाला लावली. दुसरीनं दाणा काढायला घशात बोट घातलं. दाणा दिसत नव्हता, बोटानं तो आणखी आत गेला असेल तर नवल नाही. आणि मग ठसका थांबला. आम्हाला क्षणभर वाटलं, सुटलं बाई. पोरीचं तोंड मात्र उघडंच होतं. रडायला तोंड पसरलेलं, पण आवाज नाही. ओठ जांभळे पडायला लागले.

मैत्रिणींनो, आज बोलायला बसलो ते एवढ्यासाठीच. पोर जोरात खोकतंय, रडतंय, तोवर वारा आत-बाहेर होतोय. तेव्हा त्याला खोकू द्यायचं, पाणी पाजायचं नाही, बोट घालायचं नाही. खोकल्याचा, रडण्याचा आवाजच बंद झाला, तर मात्र वाट बघायची नाही.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या आशाताई पळत आल्या. त्यांनी पोर आमच्या हातातून ओढूनच घेतलं. खाली बसल्या, छकुलीला आपल्या हातावर पालथं घेतलं, तो हात मांडीवर टेकवला. डोकं छातीपेक्षा खाली, जबडा बोटांत धरलेला. दुसऱ्या हाताच्या मनगटाजवळच्या तळव्यानं तिच्या दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीवर, पाच थापट्या मारल्या. चांगल्या जोरात. आत्याबाई ओरडल्या, “अगं मारतीस काय लेकराला!” दाणा आला नाही. मग उताणं केलं, डोकं खालीच, आणि छातीच्या मधोमध, स्तनांच्या रेषेच्या जरा खाली, पाच वेळा दाबलं. पुन्हा पालथं. त्या खेपेच्या तिसऱ्या थापटीला अर्धा दाणा ओसरीवर पडला आणि छकुली रडली. पोर रडलं म्हणून आमच्या घरात एवढा आनंद ती जन्मली तेव्हाच झाला होता.

हे वर्षाच्या आतल्या बाळासाठी. वर्षाच्या पुढच्या मुलाला पाठीवर थापट्या तशाच, पण छातीऐवजी पोटावर, बेंबीच्या वर दाब देतात. ते कुणाकडून तरी बघून शिकायचं, ऐकून करायचं नाही. एकीनं हे करायचं आणि दुसरीनं लगेच १०८ ला फोन लावायचा. तोंडात दाणा डोळ्यांना दिसला तरच बोटानं काढायचा.

पोर शांत झालं तशा आत्याबाई हळूच म्हणाल्या, “तिला सांगू नका. निघालं ना? उगाच जिवाला लावून घेईल.” खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं होतं. आपल्या हातून झालेलं कुणाला सांगावंसं वाटतं? पण आशाताई म्हणाल्या, दवाखान्यात नेलंच पाहिजे. अर्धा दाणा बाहेर आलाय, बारका तुकडा आत राहिला असेल तर खोकला, ताप पुढं दोन-चार दिवसांनी सुरू होतो. मग लपवणार कसं? फोन केला. धाकटी बँकेतून थेट दवाखान्यात आली. डॉक्टरांनी छाती तपासली, श्वास दोन्हीकडं नीट आहे म्हणाले, काय झालं तर लगेच आणा म्हणाले.

घरी येईपर्यंत धाकटी एक अक्षर बोलली नाही. आम्ही मनात बोलणी खायची तयारी करून बसलो होतो. घरात आल्यावर तिनं लेकीला पाजलं, आणि पाजून झाल्यावर उचलून आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्याच मांडीवर. आत्याबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

मग धाकटीनं पदर खोचला आणि गुडघ्यांवर रांगायला लागली. आम्हाला वाटलं, हिला धक्का बसला. ती म्हणाली, “पोरीला काय काय दिसतं ते बघते.” ओसरीपासून माजघरापर्यंत रांगली. फडताळाखालून फुटाणे निघाले, चिंचोका निघाला. बाजेखाली मामंजींच्या बीपीची एक गोळी, पाकिटातून सुटलेली. मोडक्या खेळण्यातला बटणासारखा चपटा सेल. तो तर पोटात गेला की आतून भाजतो, तासाभराचाही उशीर चालत नाही. मोरीत पाण्यानं भरलेली बादली, तिच्या उंचीला बरोबर. आणि सपरात, पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं फवारणीचं औषध. ते भाऊजींनी ठेवलं होतं. त्या रात्री त्यांनी ते उंच कोनाड्यात, कुलपात टाकलं, कुणी काही न बोलता.

आता शेंगा फोडायला आम्ही बसतो, पण एकीकडं फक्त पोर असतं. तिनं शेंगांना हात लावायचा नाही. उठायचं झालं तर नाव घेऊन दुसरीला सांगायचं, “आता तू.” छकुलीला पुढचे दात आलेत, दाढा नाहीत. दाणा तुटतो, पण बारीक होत नाही. म्हणून पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा नाही, फुटाणा नाही. कूट मात्र भातात, खिचडीत भरपूर. द्राक्षाचे उभे चार तुकडे. भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करून, दिवसातून तीन-चार वेळा, बसवून. रांगता रांगता घास भरवणं बंद. आईचं दूध सुरूच आहे.

पुढच्या गटाच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. कापडाची बाहुली घेऊन त्या पाठीवर कसं मारायचं ते प्रत्येकीकडून करून घेतील. सासूबाईंना घेऊन या, आमच्या आत्याबाई पहिल्या नंबरला बसणार आहेत.

आणि हो, छकुली परवा चालली. मामंजींच्या बाजेपासून शेळीपर्यंत चार पावलं. “बाबा” म्हणाली. भाऊजी तिथंच उभे होते, त्यांनी ते आपल्यालाच समजून घेतलं.