ध्यानात कसे ठेवावे?



“आता वय झाले. सकाळी शिकलेले अक्षर संध्याकाळी आठवत नाही,” असे वर्गातले पुष्कळ जण म्हणतात. आम्ही त्यांना विचारतो, “कोणाचा बांध कुठवर आहे, म्हैस कधी व्याली, कोणाचे किती देणे आहे, हे आठवते ना?” ते सगळे आठवते! मग डोके अधू कसे? डोके चांगले आहे. त्याला फक्त वळण लावायचे आहे.

पहिली युक्ती चालीची. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी काम करता करता त्या गाणी रचीत नि म्हणत. त्यांच्या मुलाने जपलेली गाणी १९५२ साली पुस्तकात छापली गेली. चाल असली की शब्द तोंडी बसतात. म्हणून बाराखडी नि पाढे चालीवर म्हणा.

दुसरी युक्ती. नव्याची गाठ जुन्याशी मारा. देशाची फाळणी १९४७ साली झाली, हे तुम्हांला ठाऊक आहे. तेव्हा सिंधमधून आलेले लोक कल्याणच्या छावणीत राहिले. त्याच छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. सत्तेचाळीसात दोन मिळवा, की झाले! अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा आहे. त्यात ७८ मिळवा. इसवी सन १०६० येते.

तिसरी युक्ती. कामे ठिकाणांवर ठेवा. समजा, उद्या चार कामे आहेत. सातबारा काढायचा, कापड घ्यायचे, औषध आणायचे, बियाणे घ्यायचे. आता मनातल्या मनात कल्याणहून कर्जतच्या गाडीत बसा. विठ्ठलवाडीच्या फलाटावर सातबारा वाऱ्याने उडतो आहे. उल्हासनगरला कापडाचा ढीग पडला आहे. अंबरनाथला देवळाच्या पायरीवर औषधाची बाटली आहे. बदलापूरला बियाण्याचे पोते फुटले आहे! चित्र जितके गमतीचे, तितके ते पक्के बसते. उद्या स्टेशने आठवा, म्हणजे कामेही आठवतील.

चौथी युक्ती सर्वांत मोठी. ती म्हणजे उजळणी. जर्मनीतल्या एबिंगहाउस नावाच्या पंडिताने अर्थ नसलेले शब्द पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले. ते त्याने १८८५ साली प्रसिद्ध केले. त्याला असे दिसले, की पाठ केलेल्यातले पुष्कळसे पहिल्या दिवसातच निसटते. पण थोडे थोडे, दिवस सोडून घोकले, तर कमी कष्टात टिकते. म्हणून आजचा धडा आज रात्री आठवा. मग उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. आणि एक करा. आधी पुस्तक मिटा. आठवेल ते पाटीवर लिहा. मगच पुस्तक उघडून ताडून पाहा. नुसते डोळे फिरवून धडा बसत नाही.

हा खटाटोप कशासाठी? अक्षरे विसरली, तर हात पुन्हा शाईच्या डबीकडे जातो. कर्जाच्या कागदावर पाच हजार लिहिले की पन्नास हजार, हे दुसऱ्याला विचारावे लागते. तो खरे सांगेलच असे नाही. विहीर उपसत राहिले, तर पाणी स्वच्छ राहते. विद्येचेही तसेच आहे. आज रात्री निजण्यापूर्वी एवढे करा. पुस्तक मिटून आपले नाव, गाव नि शंभरपर्यंतचे आकडे लिहून पाहा.