मधल्या वेगात गाडी दमते तेव्हा
(कर्वेनगर, पुणे येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात मोटारसायकलच्या इंजिनाविषयी बोलण्याचे कारण काय, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. कारण सरळ आहे. आपल्यातील कित्येक घरांत मुलगा कॉलेजला जाऊ लागला की एक जुनी मोटारसायकल घेतली जाते. वडिलांची शिल्लक आणि आईच्या भिशीचे पैसे त्यात जातात. ती गाडी बिघडली म्हणजे घराचा हिशेब बिघडतो आणि ती भर रस्त्यात बसली तर जिवावरही बेतते.

मागे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा येथे कर्वेनगरात राहून चांदणी चौकापलीकडे कॉलेजला जात असे. जुनी चार-स्ट्रोक गाडी घेऊन तीन महिने झाले होते. गाडी पहिल्या किकला सुरू होई, उभी असताना छान चाले, सिग्नलवरून उठेही बरी. परंतु वारज्याकडून चांदणी चौकाचा चढ लागला आणि मूठ अर्ध्यावर आली की ती गुदमरे. एकदा ट्रकला ओलांडताना ती अशीच बसली आणि मुलगा थोडक्यात वाचला. एका कारागिराने निदान केले होते, "रिंगा गेल्या, बोअर करून नवा पिस्टन टाका." वडिलांनी त्यासाठी उसने पैसे मागायला सुरुवातही केली होती.

मीही पहिल्या दिवशी काही शहाणपणा केला नाही. अंदाजाने प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला. फरक शून्य. पैसे मात्र गेले. तेव्हा ठरवले की आता सुटा भाग विकत घ्यायचा नाही. आधी गाडीलाच प्रश्न विचारायचे, आणि तेही क्रमाने.

पहिला प्रश्न : दोष खरोखर इंजिनात आहे काय? गाडी मुख्य स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ब्रेक घासत असेल किंवा चेन फार ताणलेली असेल तर चाक लगेच थांबते. टायरमधील हवा पाहावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे होत असेल तर क्लचप्लेटा घसरत आहेत आणि इंजिन निर्दोष आहे. आमच्या गाडीचा आवाजही वाढत नव्हता, म्हणून क्लच सुटला.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : बिघाड मुठीबरोबर येतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? मुठीवर कागदी पट्टी चिकटवून बंद, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा कराव्यात. मग रविवारी पहाटे, रस्ता मोकळा असताना, हेल्मेट घालून, तोच चढ दुसऱ्या गिअरमध्ये आणि नंतर तिसऱ्या गिअरमध्ये चढावा. दोन्ही गिअरमध्ये गाडी मुठीच्या त्याच खुणेवर दमत असेल तर संशय कार्बुरेटरवर घ्यावा. मूठ कितीही असो, इंजिन ठराविक आवाजाला पोहोचल्यावरच दमत असेल तर इग्निशन, टॅपेट किंवा तुंबलेला सायलेन्सर पाहावा. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांत काजळीने सायलेन्सर तुंबणे हे तर नेहमीचेच दुखणे होते.

असे का, ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. साध्या स्लाइडच्या कार्बुरेटरमध्ये मूठ जवळजवळ बंद असताना पेट्रोल देतो तो पायलट जेट. पाऊण मुठीच्या पुढे हुकूम चालतो मेन जेटचा. पाव ते पाऊण या मधल्या पट्ट्यात कारभार असतो निमुळत्या सुईचा. स्लाइडबरोबर ती वर उचलली जाते आणि तिच्याभोवतीच्या फटीतून पेट्रोल येते. म्हणून गाडी सुरू छान होते आणि मध्येच दमते, यात विसंगती काहीच नाही. सुरू करणारा भाग वेगळा, मध्ये ओढणारा भाग वेगळा.

आमची गाडी दोन्ही गिअरमध्ये अर्ध्या मुठीवरच दमली.

तिसरा प्रश्न : पेट्रोल कमी पडते की जास्त होते? दमण्याच्या जागी चोक किंचित ओढावा. गाडी सावरली तर पेट्रोल कमी पडत आहे, आणखी गुदमरली तर जास्त होत आहे. इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहावा. पांढराफट असेल तर मिश्रण कोरडे, काळा काजळीचा असेल तर पेट्रोल जादा. आमची गाडी चोक ओढताच सावरली आणि प्लग निघाला पांढरा.

मग कार्बुरेटर आणि इंजिन यांमधील रबर तपासले, कारण तेथे चीर पडली तर बाहेरची हवा शिरून मिश्रण कोरडे होते. रबर शाबूत होते. तेव्हा सुई बाहेर काढली. तिच्या डोक्याशी काही खाचा असतात व एका खाचेत क्लिप बसवलेली असते. क्लिप वरच्या खाचेत घातली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी मिळते. आमच्या गाडीची क्लिप सर्वांत वरच्या खाचेत होती. बहुधा आधीच्या कुणीतरी ॲव्हरेज वाढवण्याच्या लोभाने ती चढवली असावी. त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते, म्हणजे त्याच जेटमधून जुन्या गाडीचे मिश्रण आणखी कोरडे पडते. क्लिप मधल्या खाचेत आणली, तोच चढ पुन्हा चढलो, आणि गाडी न कुरकुरता वर गेली. खर्च काही नाही. कोरड्या मिश्रणाने इंजिन तापते हेही लक्षात ठेवा. चार थेंब पेट्रोल वाचवताना पिस्टन जळण्याची वेळ येते.

रिंगा खरोखर गेल्या असत्या तर? त्याचीही परीक्षा आहे. मूठ पूर्ण उघडी ठेवून कॉम्प्रेशन मापावे, नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मापावे. आकडा चांगला वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, वाढला नाही तर व्हॉल्व्ह पाहावेत. ही दहा मिनिटांची परीक्षा केल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नका. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत सुई नसते, तेथे मीटरवरचा इशाऱ्याचा दिवा आणि सेन्सर तपासावे लागतात. परंतु क्रमाने विचारण्याची रीत तीच.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पालकहो, आपली मुलेही पहिली-दुसरीत उत्साहाने सुरुवात करतात आणि कित्येकदा आठवी-नववीच्या मधल्या चढावर दमतात. तेव्हा आपण काय म्हणतो? "याचे डोकेच नाही. काढा शाळेतून, लावा कामाला." हे रिंगा गेल्या म्हणण्यासारखेच आहे. आधी विचारा : फळ्यावरचे दिसते काय? उर्दू माध्यमातून मराठी किंवा इंग्रजीत आल्यावर गणिताचे शब्द अडतात काय? घरात दोन तास बसायला कोपरा आहे काय? कदाचित चष्म्याने भागेल, कदाचित एका शब्दसंग्रहाच्या वहीने. सगळे तपासल्यावरच मोठा निर्णय घ्या.

विद्यार्थी मित्रहो, गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या आपल्या भावांना कमी लेखू नका. त्यांच्या हातात हुन्नर आहे, तुमच्या पुस्तकात कारण आहे. दोन्ही एकत्र आले तर अंदाजाचे निदान होते. आणि हे फक्त मुलांसाठी आहे असे समजू नका. ज्यांचे नाव या वस्तीला आहे त्या महर्षी कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला व पुढे १९०० साली तो येथे हिंगण्यास आणला. त्यांच्याच संस्थेने १९९१ साली या परिसरात खास मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. आपल्या मुलीने कार्बुरेटर उघडला तर तिला अडवू नका, पाना हातात द्या.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म आणि हुन्नर दोन्ही देवो, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो. जय हिंद.