सरावाची पहिली तलवार



तलवारीवर बोलायला उभा राहिलो की श्रोते मान वर करून शिवनेरीकडे पाहतात आणि आता भवानी तलवारीची कथा ऐकायला मिळणार असे समजतात. आज ती मिळणार नाही. माझा विषय फार लहान आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या आळीतली एक मुलगी घरी आली. पुण्याला मामाकडे राहते, तिथे ऐकिडो नावाची जपानी विद्या शिकते. म्हणाली, "आजोबा, तुम्ही फरी-गदका खेळलात ना? मग सांगा, सरावाला पहिली तलवार कोणती घेऊ?" बाजारात तिने एक पाहून ठेवली होती, चकचकीत पोलादी, काळ्या म्यानातली. मी म्हटले, "बाळ, ती सोडून कोणतीही घे." ती हिरमुसली. तिला जे नीट समजावून सांगावे लागले तेच आज आपल्यापुढे मांडतो.

आपण नारायणगाव-वारूळवाडीची माणसे. तमाशाच्या राहुट्या आपल्याला परक्या नाहीत, आणि विठाबाईंचे गाव म्हणून बाहेर आपली ओळख आहे. वगातल्या राजाच्या कमरेला तलवार असते ती दिव्याच्या उजेडात चमकावी म्हणून. लढाईतली तलवार कापण्यासाठी. या दोन्हींहून तिसरी जात शिकण्याच्या तलवारीची, आणि ती दिसायला बहुधा अगदीच सामान्य असते. घोटाळा होतो तो इथेच. शिकायला निघालेला मुलगा पहिल्या जातीची तलवार विकत घेतो आणि तिच्याकडून तिसरीचे काम करून घेऊ पाहतो.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत आमच्यातला एक जण जत्रेत घेतलेली तलवार फिरवत होता. हात चांगला होता, फिरकी सुरेख होती. पाते मुठीतून सुटले आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या पोराच्या गुडघ्याखाली लागले. पोरगा वाचला, पण पुढे कायम लंगडत चालला. मूठ उघडून पाहिली तेव्हा आत पात्याचा बोटभर लांबीचा, पेन्सिलीएवढा जाड तुकडा, आणि तोही नुसता डाग देऊन चिकटवलेला. ती तलवार पसंत करायला दुकानात मीही बरोबर होतो, आणि मूठ हलवून पाहण्याचे मलाही सुचले नव्हते. घरातल्या जुन्या तलवारीचाही भरवसा धरू नये. आपल्याकडे पाते मुठीत लाखेने बसवीत. लाख जुनी होऊन वाळली, तडकली, की पकड जाते. आजोबांची तलवार भिंतीवरच शोभते.

मग शिकणाऱ्यांनी काय वापरले? आपल्याकडे गदका. वेताची किंवा लाकडाची छडी, वरून चामड्याने मढवलेली, आणि डाव्या हातात फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. शीर, तमाचा, बाहेरा हे वार या छडीने खरोखर मारायचे आणि फरीवर खरोखर झेलायचे. चुकले तर वळ उठतो, हाड मोडत नाही. जपानमध्ये हीच अडचण दोन वाटांनी सोडवली गेली. एक बोक्कन, म्हणजे ओकसारख्या कठीण लाकडाची, तलवारीसारखा बाक दिलेली, सुमारे एक मीटर लांबीची आणि अर्धा किलोच्या आसपास वजनाची. दुसरी शिनाई: बांबूच्या चार फाळ्या एकत्र बांधून, टोकाला आणि मुठीला चामडे चढवून केलेली. केंडोचे खेळाडू चिलखत घालून शिनाईने एकमेकांना पूर्ण जोराने मारतात.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. जपान सरकारने कमरेला तलवार बाळगण्यावर १८७६ साली बंदी घातली, आणि इंग्रजांनी आपल्याकडे शस्त्रांचा कायदा केला १८७८ साली. दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही देशांत पोलाद मागे सरले. लाकूड आणि चामडे मात्र आखाड्यात राहिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली आपले खेळ दाखवायला बर्लिनपर्यंत गेले. जपानात युद्धानंतर केंडोवर बंदी आली होती, तरी १९५२ मध्ये त्यांचा महासंघ उभा राहिला.

पण गदका आणि बोक्कन एकच समजू नका. गदका गोल असतो, त्याला धार कोणत्या बाजूला हे हाताला कळत नाही. बोक्कनची मूठ लंबगोल असते आणि पाठीला बाक असतो, म्हणून डोळे मिटूनही धारेची दिशा समजते. उलट बोक्कनने समोरच्याला मारता येत नाही. जोराने लागले तर कवटी फुटेल. जपानमधली जुनी कथा आहे ना, मियामोतो मुसाशीने वल्ह्यापासून तासलेल्या लाकडी तलवारीने प्रतिस्पर्ध्याला ठार केले! लाकूड आहे म्हणून खेळणे नव्हे. तेव्हा बोक्कन हातात घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकायची असते, ती म्हणजे वार अंगावर पोचण्याआधी थांबवणे.

निवडीची कसोटी मी यातूनच काढतो. तुम्हाला थांबवता येते ती तलवार तुमची. दोन्ही हातांनी डोक्यावर न्या, खाली आणा, बेंबीच्या उंचीवर थांबवा. असे पन्नास वेळा करा. पन्नासाव्या वेळी टोक थरथरले किंवा गुडघ्यापर्यंत गेले, तर ती जड आहे. तरुण मुले मुद्दाम जड घेतात, मनगट कमवायला म्हणून. मनगट कमावण्यापूर्वीच ते दुखावते, आणि पुढे महिनाभर शेक घेत बसावे लागते. मुलांना लहान मापाची द्यावी. केंडोतही वयाप्रमाणे शिनाईची लांबी वाढत जाते.

लाकूड पाहताना सुताराची नजर लागते. रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. मध्येच कडेला निघून गेली तर टक्कर होताच तिथे फळी उडेल. गाठ तर नकोच. साग देखणा, पण आदळआपट सोसण्याचे ते लाकूड नव्हे. आपल्या डोंगरातली धामण (सापाचे नाव घेतले म्हणून दचकू नका, झाडही आहे) लवचीक आणि चिवट, पूर्वी तिचे धनुष्य करीत. बाभळीचे दांडे तर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी आहेत. जाणत्या सुताराकडून करून घेतलेली अशी तलवार परदेशी मालापुढे कमी पडणार नाही. करून झाल्यावर जवसाचे तेल पाजावे, उन्हात टाकू नये, आणि दर सरावाआधी अंगठा फिरवून चीर किंवा कुसळ आहे का ते पाहावे. शिनाईची फाळी तडकली असेल तर ती त्याच क्षणी बाजूला ठेवावी. तिचे कुसळ मुखवट्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकते.

धार नसलेली धातूची तलवार म्यानातून काढण्याच्या विद्येत वापरतात. ती पुढची पायरी, आणि गुरूने सांगितल्यावर. धारेच्या तलवारीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. नऊ इंचांहून लांब पात्याची तलवार शस्त्रकायद्याच्या यादीत येते. घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात विचारावे. ऐन जयंतीच्या दिवशी मुलाला सोडवायला धावण्यापेक्षा हे सोपे.

त्या मुलीने शेवटी गुरूंना विचारले. त्यांनीही बोक्कनच सांगितली. आमच्या सुताराने ती धामणीची करून दिली, बाक जरा कमी आला म्हणून एक टाकून दुसरी केली. टाकलेली पहिली मी ठेवून घेतली आहे.

सभा संपल्यावर बाहेरच्या टेबलावर ती, माझा जुना गदका आणि एक शिनाई ठेवलेली आहे. हातात घेऊन पाहा. शेजारी दांडपट्टा आहे, त्याला मात्र कुणी हात लावू नये. पाते लवचीक आहे आणि दारात गर्दी आहे.