आई, राहू दे, मी करतो!

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'मध्यमवयीन स्त्रीच्या नजरेतून आजचं जग' असा विषय देऊन समितीने माझ्यासारख्या पस्तिशीतल्या पुरुषाला इथे उभं केलं, हे ऐकून बायको आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं? आईंना विचार." तेव्हा आज मी जे सांगणार आहे, त्यातलं शहाणपण आईचं आणि चुका माझ्या.

आमची आई सत्तावन्न वर्षांची. सातारा जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. नातीच्या जन्माच्या वेळी ती सिंगापूरला आली आणि चांगी विमानतळापासूनच माझं एक पालुपद सुरू झालं, "आई, राहू दे, मी करतो." फोनचं सिमकार्ड, वॉशिंग मशीन, लिफ्टचं बटण, सगळं मीच. मनात केवढं समाधान, की बघा, आपण आईला काडीचाही त्रास देत नाही!

गंमत म्हणजे लोकांना नवीन सिस्टीम शिकवणं हाच माझा धंदा. क्लायंटचा माणूस एकच प्रश्न सात वेळा विचारतो आणि मी सातही वेळा हसतमुखाने उत्तर देतो, कारण तासाचे पैसे मिळतात. आईने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की माझा सुस्कारा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायचा.

तुम्हाला माहीतच आहे, इथे बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावं लागतं. विसरलं तर लांबचं भाडं कापलं जातं. आई पहिल्यांदा एकटी टेक्का मार्केटला भाजी आणायला गेली आणि उतरताना नेमकं तेच विसरली. प्रश्न डॉलर-दीड डॉलरचा, पण मी लेक्चर दिलं दोनशे डॉलरचं! शेवटी म्हटलं, "यापुढे मला सांगत जा, मी ऑनलाइन मागवीन." झालं. पुढचे तीन आठवडे आई घराबाहेर पडली नाही. मला वाटलं, थकली असेल.

आमच्या मजल्यावर एक चिनी बाई राहतात. इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना 'आंटी' म्हणतो आणि त्या आईला 'आंटी' म्हणतात. दोघींची सामाईक भाषा दोन शब्दांची, 'कॅन' आणि 'नो कॅन'. एके सकाळी त्या आईला एमआरटी स्टेशनवर घेऊन गेल्या. कार्डात पैसे भरायच्या मशीनसमोर तिला उभं केलं आणि स्वतः हात मागे बांधून उभ्या राहिल्या. आई चुकली की 'नो कॅन', बरोबर दाबलं की 'कॅन, कॅन!' चौथ्या खेपेला जमलं. मागे रांग लागली होती म्हणे, पण आंटी जागच्या हलल्या नाहीत.

रात्री जेवताना आई हे मोठ्या हौसेने सांगत होती. आणि मी काय बोललो? "अगं, मी फोनवरून दोन मिनिटांत भरले असते!"

आई शांतपणे म्हणाली, "तीस वर्षांत एकाही पोराच्या हातातली पेन्सिल घेऊन मी त्याचा 'अ' काढून दिला नाही. वाकडा येऊ दे, उलटा येऊ दे, त्याचा त्यालाच काढू दिला. तू मात्र रोज माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतोस. नव्या जगाची मला भीती नाही रे, तुझ्या सुस्काऱ्याची वाटते."

मंडळी, घास हातातच राहिला.

मग तिने मला पार्वतीबाई आठवल्यांची गोष्ट सांगितली. देवरुखची ही बाई विसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात एक मुलगा. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया म्हणजे त्यांची सख्खी बहीण. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी त्यांनी गावोगाव फिरून निधी जमवला. इंग्रजी येत नसल्याने काम अडतं हे कळल्यावर, १९१८च्या सुमारास, वयाची पंचेचाळिशी उलटलेली ही बाई बोटीने अमेरिकेला गेली आणि लोकांच्या घरी घरकाम करत इंग्रजी शिकली! 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र १९२८ सालचं. केशवपनाची रूढी त्यांनी पुढे सोडली, पण बहिणीसारखा पुनर्विवाह केला नाही. नव्या जगातलं काय घ्यायचं आणि काय नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. आई म्हणाली, "त्यांना कोणी 'राहू दे, मी करतो' म्हणणारं नव्हतं, हे एका परीने बरंच झालं."

आता आमच्या क्षेत्राचीही एक गोष्ट सांगतो. २०२४च्या जानेवारीत इथल्या वाहतूक खात्याने जाहीर केलं, की जुनी ईझी-लिंक कार्डं बंद होऊन प्रवासी सिम्प्लीगोवर जातील. त्यात तेव्हा गेटवर भाडं आणि शिल्लक दिसत नव्हती, ॲपमध्ये बघावी लागायची. मी म्हटलं, "काय बिघडलं? आधुनिक सिस्टीम आहे." आई म्हणाली, "डब्यात किती उरलंय ते न बघता कोण खर्च करतं?" लोकांच्याही इतक्या तक्रारी आल्या, की दोन आठवड्यांच्या आत सरकारने निर्णय फिरवला आणि जुनी पद्धत चालू ठेवायला आणखी चार कोटी डॉलर मंजूर केले. मी तिच्या प्रश्नाला मागासलेपणा समजत होतो. प्रत्यक्षात तो ज्याला आम्ही 'युजर रिक्वायरमेंट' म्हणतो तो होता, आणि तोही फुकट मिळालेला!

हल्ली आई आली की टेक्काला एकटी जाते. मागच्या खेपेला चुकीच्या बसने पार बुन ले गाठलं. फोन केला नाही, विचारत विचारत परत आली, वर तिथे कोथिंबीर स्वस्त मिळते ही बातमी घेऊन. मी घरी घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालत होतो. गप्प राहणं फार अवघड असतं हो!

तेव्हा या दिवाळीत घरी व्हिडिओ कॉल लावाल आणि पडद्यावर आईचं नुसतं कपाळ आणि वर फिरणारा पंखा दिसेल, तेव्हा "बाबांकडे दे फोन" म्हणू नका. जरा थांबा. तिचा चेहरा ती आणील बरोबर मध्यभागी.

सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!