कंबर आधी, हात मागून

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोठं काम हाती घेतलं की आपण कंबर कसतो. मी मात्र शाळेच्या मैदानावर मुलांना 'कंबर सैल सोडा' असं ओरडत असतो. कारण मी बेसबॉल शिकवतो.

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं क्रिकेट खेळलेली असतात. त्यांचा सगळा भरवसा हातांवर. पण बेसबॉलच्या फटक्याचं बळ पायांतून कमरेत आणि कमरेतून खांद्यांत, हातांत येतं. शेतात पाखरं हाकणाऱ्याची गोफण आठवा. आधी अंग वळतं, हात मागून येतो आणि दगड शेवटी सुटतो. इथेही पुढचा पाय टेकला की कंबर वळू लागते, मागची टाच उचलली जाते; खांदे आणि हात मात्र क्षणभर मागे राहतात. त्या क्षणी अंगाला जो पीळ पडतो, तोच बॅटला वेग देतो. सगळं अंग दारासारखं एकदम फिरलं, तर पीळ पडतच नाही.

हे ठाऊक असूनही एका मुलीचं नुकसान माझ्या हातून झालं. अंगात भरपूर ताकद असलेली मुलगी. जिल्ह्याच्या निवड चाचणीत मी कडेने सारखा ओरडत होतो, 'कंबर फिरव, जोरात!' ती फिरवत होती. पण चेंडू यायच्या आधीच. एकेक फटका तिसऱ्या बेसच्या बाहेर जात राहिला. तिची निवड झाली नाही. परतताना ती म्हणाली, "सर, वळायचं कसं ते तुम्ही सांगितलंत. थांबायचं कसं ते नाही सांगितलं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पिचर उभा असतो १८.४४ मीटरवर. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात बॅटरपाशी पोहोचतो. त्यातला साधारण ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यात जातो. म्हणजे चेंडू पाहून मारायचं की सोडायचं, हे ठरवायला उरतो जेमतेम पाव सेकंद. घाई करणारा तोही गमावतो.

उत्तर मला सापडलं जपानच्या सादाहारू ओ यांच्या गोष्टीत. १९५९ साली ते योमिउरी जायंट्स संघात आले. पहिल्या वर्षी त्यांची सरासरी होती अवघी ०.१६१. 'ओ' म्हणजे राजा. प्रेक्षक त्यांना 'बाद होणारा राजा' म्हणून चिडवत. १९६२ मध्ये प्रशिक्षक हिरोशी आराकावा यांनी त्यांना पुढचा पाय उचलून एका पायावर उभं राहायला शिकवलं. तोल मागच्या पायावर धरून चेंडूची वाट पाहायची आणि मगच पाऊल टाकायचं. छताला टांगलेला कागद तलवारीने कापण्याचा सरावही त्यांनी केला. त्या वर्षी त्यांनी ३८ होमरन मारले. १९८० मध्ये निवृत्त झाले, तेव्हा एकूण ८६८ झाले होते.

मी त्या मुलीला एका पायावर उभं केलं नाही. तो तोल सगळ्यांना साधत नाही. तिला एक काठी पाठीमागून कोपरांच्या खोबणीत धरायला दिली. पाऊल हलकेच टाकायचं, थांबायचं, मग फक्त कंबर वळवायची. पुढे टी-स्टँडवरचा चेंडू आणि मग हळू टाकलेला चेंडू. पिचरचा हात मागे गेला की आपलं वजन मागे न्यायचं. पाऊल लवकर पडलं तरी चालेल, कंबर उशिराच सुटली पाहिजे.

काही आठवड्यांनी एका संध्याकाळी तिचा चेंडू सरळ पिचरच्या डोक्यावरून गेला. होमरन नव्हता तो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. 'अजून एक टाका,' एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडणं कमी केलं आहे. वाट पाहायला मलाही शिकायचं होतं.